चेंडू सुटला तर एरर, पण पोचलाच नाही तर? – बेसबॉलचे आउटफिल्डर आणि आकडे

फेनवेकर

बेसबॉलपटू मॅट केम्पला २००९ मध्ये गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस) मिळाला. २०१० मध्ये यूझेडआर आणि डीआरएस (क्रिकेटमधलं रिव्ह्यूवालं नव्हे) या क्षेत्ररक्षणाच्या दोन्ही मापांत तो सेंटर फिल्डर्सच्या, म्हणजे आउटफिल्डमध्ये (लांबच्या मैदानात) मधे उभे राहणाऱ्यांच्या, यादीत तळाशी होता. २०११ मध्ये परत गोल्ड ग्लव्ह. माणूस तोच, संघ तोच (लॉस एंजेलिस डॉजर्स), जागाही तीच. गेले दोन आठवडे हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

२०११ चं कोडं फार अवघड नाही. त्या वर्षी त्याची बॅट तुफान चालली. ३९ होमरन, १२६ आरबीआय (त्याच्या बॅटमुळे आलेल्या धावा), ४० चोरलेले बेस. गोल्ड ग्लव्हसाठी मत देतात मॅनेजर आणि कोच, आणि वर्षभर ज्याचं नाव कानावर पडतं त्याच्यावर शिक्का बसतो. २०१३ पासून मात्र सुमारे पाव हिस्सा सेबर या बेसबॉल-संशोधन संस्थेच्या आकड्यांना दिला गेला. म्हणजे नुसत्या डोळ्यांवर भागत नाही हे बक्षीस देणाऱ्यांनीही मान्य केलं.

माझा खरा प्रश्न मात्र त्याच्याही आधीचा आहे. आउटफिल्डर चांगला आहे हे ओळखायचं कशावरून? शंभर-सव्वाशे वर्षं एकच उत्तर होतं: फिल्डिंग पर्सेंटेज. पुटआउट (स्वतः केलेले बाद, बहुतेक झेल) आणि असिस्ट (ज्या फेकीवर दुसऱ्याने बाद केलं ती) यांची बेरीज करा, तिला एकूण संधींनी (हीच बेरीज अधिक एरर, म्हणजे चुका) भागा, झालं. पण एरर कधी धरायची? ऑफिशियल स्कोअररला वाटलं की साधारण प्रयत्नात हा झेल घेता आला असता, तेव्हा. चेंडूला हातच लागला नाही तर आउटफिल्डरला सहसा एरर देत नाहीत. उन्हात चेंडू दिसेनासा झाला तर हिट, म्हणजे श्रेय बॅटवाल्याला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मधोमध चेंडू पडला, तरी हिट. म्हणजे जो धावतच नाही त्याची वही कोरी करकरीत राहते.

समजा, एकाच संघात एकाच पिचरांच्या मागे (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा) दोघांनी पूर्ण मोसम काढला. एकाने ३३० झेल घेतले आणि ६ एरर केल्या. दुसऱ्याने २९० घेतले आणि १ एरर केली. पर्सेंटेज पहिल्याचं ०.९८२, दुसऱ्याचं ०.९९७. वर्तमानपत्रात दुसरा चांगला. पण पहिल्याने ४० चेंडू जास्त पकडले, ते दुसऱ्याच्या वेळी गवतावर पडले आणि पिचरच्या नावावर हिट म्हणून लागले. ही चोरी कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

ज्यांनी यावर वाचलंय, खेळलंय, त्यांनी लिहा. मला नीट समजून घ्यायचंय.

शिवाजीपार्क

फेनवेकर, धागा आवडला. माझी क्रिकेटची बाजू मांडतो. एकनाथ सोलकरने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. आपण सगळे हा आकडा अभिमानाने सांगतो. पण फॉरवर्ड शॉर्ट लेगला त्याच्याकडे झेल किती आले? जे दुसऱ्या कुणाच्या हाती लागलेच नसते असे त्यात किती? कुणी मोजलं नाही. बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट गोलंदाजीला होते म्हणून तिथे चेंडू येत होते, हेही खरं आणि तो तिथे होता म्हणून झेल झाले, हेही खरं. दोन्ही वेगळं कसं करायचं? तुमचा प्रश्न हाच आहे ना?

आणखी एक. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर ज्याने रुजवला तो हेन्री चॅडविक जन्माने इंग्लंडचा, आणि अमेरिकेत आधी क्रिकेटच्याच बातम्या देत होता. एरर मोजण्यापेक्षा सामन्यात किती चांगले झेल-फेक केले ते मोजा, असं त्याने एकोणिसाव्या शतकातच म्हणून ठेवलंय. म्हणजे रोग पहिल्याच वैद्याला कळला होता.

आकडेमोड

शिवाजीपार्क यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. चॅडविकचं ते म्हणणं शंभर वर्षांनी बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या बिल जेम्सने परत उचललं: रेंज फॅक्टर. पुटआउट अधिक असिस्ट, भागिले सामने (पुढे सामन्याऐवजी दर नऊ इनिंग्जमागे). फेनवेकरांच्या उदाहरणातले ३३० आणि २९० इथे लगेच दिसतात.

पण त्यांनी 'एकाच पिचरांच्या मागे' ही अट घातली, ती महत्त्वाची आहे. ज्या संघाचे पिचर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) जास्त घेतात किंवा ग्राउंड बॉल (जमिनीलगतचे फटके) काढतात, त्यांच्या आउटफिल्डरकडे चेंडूच कमी जातात. तो बिचारा उभा राहतो आणि रेंज फॅक्टर घसरतो. म्हणून पुढची पायरी: संधी मोजा. मैदानाचे चौकोन पाडा, प्रत्येक चौकोनात कसा चेंडू पडला (हवेत, सपाट, जोरात, हळू) ते व्हिडिओ बघून नोंदवा, आणि लीगमधला सरासरी खेळाडू तसे किती पकडतो ते काढा. मिचेल लिक्टमनचं यूझेडआर असं आहे, ६४ चौकोनांचं. जॉन ड्यूअनच्या मंडळींचं डीआरएस त्याच जातीचं. डीआरएसचे आकडे २००३ पासूनचे मिळतात.

दोन्हींचं उत्तर धावांत येतं. ० म्हणजे सरासरी, +१० म्हणजे या माणसाने सरासरीपेक्षा १० धावा वाचवल्या. ढोबळ हिशेबाने १० धावा म्हणजे एक विजय. केव्हिन किअरमायरने २०१५ मध्ये टॅम्पा बेसाठी सेंटर फिल्डला +४२ डीआरएस केलं असं तेव्हा मोजलं गेलं. बॅटने त्या वर्षी तो साधाच होता, १० होमरन. तरीही लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूंत त्याचं नाव घ्यावं लागलं, ते जवळजवळ पूर्णपणे पायांच्या आणि ग्लव्हच्या जोरावर.

मृ

इथे मला थांबवावंसं वाटतं. ४२ हा आकडा मी त्या काळी वाचला तेव्हा भारावून गेले होते. नंतर विचार केला की हे 'जोरात' आणि 'हळू' कोण ठरवतंय? व्हिडिओसमोर बसलेला माणूस. फ्लाय बॉल (उंच) आणि लाइन ड्राइव्ह (सपाट) यांच्या मधले चेंडू असतातच. त्यांना काय म्हणायचं हे तुम्ही किती उंचावरून बघताय यावरही बदलतं. उंच प्रेस बॉक्समधून जो चेंडू सपाट वाटतो तो खालून बघणाऱ्याला चांगला उंच वाटतो. आणि आउटफिल्डर आरामात पोचला की बघणाऱ्याचा हात 'सोपा' लिहायला जातो. म्हणजे खेळाडूची चपळाईच त्याच्या विरोधात नोंदवली जायची.

माझा आकड्यांना विरोध नाही. पण एका मोसमाचं यूझेडआर घेऊन वाद घालणाऱ्यांशी मी भांडत आलेय. खऱ्या अर्थाने अवघड, म्हणजे कुणी पकडेल कुणी नाही असे चेंडू एका आउटफिल्डरकडे वर्षभरात थोडेच येतात. बाकीचे एक तर कुणीही पकडेल असे, नाहीतर कुणीच नाही. त्या थोड्यांतले पाच-सहा इकडचे तिकडे झाले की माणूस 'उत्तम'चा 'सामान्य' होतो. लिक्टमनसकट सगळे जाणकार सांगतात की तीन वर्षांचा आकडा एकत्र बघा. केम्पचं २०१० वाईट होतं यात शंका नाही, पण ते किती वाईट होतं हे मी त्या एका आकड्यावरून सांगणार नाही.

आकडेमोड

मृ, पूर्ण मान्य. म्हणूनच २०१५ नंतर चित्र बदललं. त्या वर्षी तीसही मैदानांत स्टॅटकास्ट आलं, आधी रडार आणि कॅमेरे, २०२० पासून हॉक-आय. (आपल्या एलबीडब्ल्यूवालं हॉक-आय, तेच.) आता 'जोरात की हळू' हे कुणाला विचारावं लागत नाही. चेंडू किती सेकंद हवेत होता, आउटफिल्डर कुठे उभा होता, किती फूट धावायचं होतं, पुढे की मागे, भिंत जवळ होती का, एवढं कळलं की असा चेंडू शंभरातून किती वेळा पकडला जातो ते काढता येतं. ही कॅच प्रोबॅबिलिटी.

मग हिशेब अगदी वाण्याच्या दुकानासारखा. २५ टक्क्यांचा झेल घेतला तर ०.७५ जमा. ९० टक्क्यांचा सोडला तर ०.९० खर्च. ९० टक्क्यांचा घेतला तर फक्त ०.१० जमा, कारण तो घ्यायलाच हवा होता. वर्षभराची बेरीज म्हणजे आउट्स अबव्ह ॲव्हरेज, ओएए. आउटफिल्डमधला एक जादा आउट साधारण ०.९ धावांचा धरतात. +२० वाला सेंटर फिल्डर म्हणजे १८ धावा, जवळजवळ दोन विजय.

टीव्हीवर पाच तारे दाखवतात ना, ते हेच: २५ टक्के किंवा त्याहून कमी शक्यतेचा झेल.

डब्बा_ऐसपैस

सगळे झेलांवरच बोलताय. हाताचं काय?

फेनवेकर, तुमच्याच मैदानातली, बॉस्टनच्या फेनवे पार्कमधली गोष्ट. लेफ्ट फिल्डची भिंत ३१० फुटांवर आणि ३७ फूट उंच. तिथे मॅनी रामिरेझ वर्षानुवर्षं उभा होता. चपळ कधीच नव्हता, पण असिस्ट भरपूर. का? भिंत जवळ, त्यामुळे फेक छोटी. शिवाय त्याला कच्चा समजून रनर (बेसवरचे धावणारे) बिनधास्त पळायचे. उलट ज्याचा हात सगळ्यांना माहीत आहे त्याच्यासमोर कुणी पळतच नाही, मग त्याचे असिस्ट कमी होतात. असिस्ट मोजणं म्हणजे ज्याच्या घराला कुलूप नाही त्याने किती चोर पकडले ते मोजणं. न पळालेले रनर मोजले पाहिजेत, आणि डीआरएस, यूझेडआर दोन्ही ते मोजतात: सिंगलवर (एका बेसच्या हिटवर) दुसऱ्या बेसवरचा रनर किती वेळा तिसऱ्यावर थांबला.

पिट्सबर्गचा राइट फिल्डर रॉबर्टो क्लेमेंटे, त्याचे कारकिर्दीतले २६६ असिस्ट म्हणून जास्त थोर वाटतात. त्याचा हात माहीत असूनही एवढे.

आणि भिंतीचाच दुसरा घोळ. भिंतीवर वीस फूट उंचावर आदळणारा चेंडू लेफ्ट फिल्डर कसा पकडणार? चौकोनांच्या जुन्या हिशेबात तो 'त्याच्या भागातला, न पकडलेला' म्हणून पडायचा. दुसऱ्या मैदानात तोच चेंडू सोपा झेल. पुढे या गोष्टी दुरुस्त केल्या गेल्या, पण मॅनीवर झालेल्या जुन्या टीकेत भिंतीचा वाटाही होता. तो चांगला होता असं माझं म्हणणं नाही. भिंतीचं पाप त्याच्या माथी नको, इतकंच.

फेनवेकर

डब्बा, भिंतीचं मनापासून पटलं. मी तिसऱ्या बेसच्या बाजूला वरती बसतो, तिथून लेफ्ट फिल्डर भिंतीकडे पाठ करून आधीच वळलेला दिसतो. चेंडू कुठे उसळणार ते त्याला पाठ असतं. पाहुण्या संघाचा लेफ्ट फिल्डर मात्र भिंतीपर्यंत धावत जातो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून परत मैदानात येतो. हे ज्ञान कुठल्या आकड्यात धरतात?

आकडेमोड

फेकीच्या, म्हणजे रनर रोखण्याच्या आकड्यात थोडंफार येतं. ओएएमध्ये नाही, तिथे फक्त झेल.

आणि ओएएची खरी मर्यादा वेगळीच आहे, ती सांगायची राहिली. ते खेळाडू जिथे उभा होता तिथून मोजतं. कुठे उभं राहायचं हे शहाणपण त्यात जमा होत नाही. डेक्स्टर फाउलर बरीच वर्षं डीआरएसमध्ये खोल उणे होता. २०१६ मध्ये शिकागो कब्जने त्याला नेहमीपेक्षा बराच मागे उभं केलं, आणि त्याचा आकडा शून्याच्या वर आला. पाय तेच, ग्लव्ह तोच, वय एक वर्षाने जास्त. डोक्यावरून जाणारा चेंडू डबल-ट्रिपल होतो, समोर पडणारा फक्त सिंगल, म्हणून मागे उभं राहणं स्वस्त पडलं. मग हे श्रेय फाउलरचं की ज्यांनी त्याला मागे बोलावलं त्यांचं?

शिवाजीपार्क

आणि पूर्वी उलट होतं का? शंभर वर्षांपूर्वीचा सेंटर फिल्डर ट्रिस स्पीकर इतका पुढे उभा राहायचा म्हणे की जवळजवळ पाचवा इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक).

आकडेमोड

हो, पण तेव्हा चेंडू मेलेला होता, दूर जायचाच नाही. स्पीकरचे ४४९ असिस्ट आजही आउटफिल्डरांत सर्वाधिक आहेत. आज कुणी तिथे उभा राहिला तर पहिल्याच इनिंगमध्ये डोक्यावरून चेंडू जाईल. म्हणून दोन काळांचे असिस्ट शेजारी ठेवू नयेत.

मृ

न्यूयॉर्क जायंट्सचा सेंटर फिल्डर विली मेज, त्याचा झेल आल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही, तर मीच आणते.

२९ सप्टेंबर १९५४, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. आठवी इनिंग, २-२ बरोबरी, एकही आउट नाही. दुसऱ्या बेसवर लॅरी डोबी, पहिल्यावर अल रोझेन. क्लीव्हलंडच्या व्हिक वर्ट्झने सेंटर फिल्डच्या पोटात चेंडू मारला. त्या मैदानात सेंटरची भिंत ४८३ फुटांवर होती. मेज पाठ करून धावला आणि खांद्यावरून आलेला चेंडू धावतच घेतला. स्कोअरकार्डवर याची नोंद काय? एफ८, म्हणजे सेंटर फिल्डरने घेतलेला झेल. पुढच्या इनिंगमध्ये कुणी आळसावलेला उंच चेंडू जागेवर उभं राहून घेतला असता तरी तीच नोंद.

आणि डब्बा, तुमचा मुद्दा इथेच आहे. झेल घेतल्यावर मेज त्याच पावली गर्रकन वळला आणि फेकताना टोपी उडाली. इतक्या खोल झेलावर दुसऱ्या बेसवरचा रनर थेट होमला येऊ शकतो. डोबी तिसऱ्यावर थांबला, रोझेन पहिल्यावरच राहिला. क्लीव्हलंडला त्या इनिंगमध्ये धाव मिळाली नाही, जायंट्सने दहाव्या इनिंगमध्ये ५-२ ने सामना घेतला आणि पुढे सिरीजही ४-० ने. वहीत मेजच्या नावावर एक पुटआउट. असिस्ट शून्य.

मला हा झेल बघताना दर वेळी तो वळणारा खांदा जास्त आवडतो.

सॉफ्टबॉलचा_बाबा

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. मी न्यू जर्सीत माझ्या मुलीच्या बारा वर्षांखालच्या सॉफ्टबॉल संघाला आउटफिल्ड शिकवतो. रडार नाही, हॉक-आय नाही, एक स्टॉपवॉच आणि वही आहे. तीन जागांसाठी पाच मुली आहेत. आतापर्यंत 'हिच्या हातून सुटतं' आणि 'हिच्या हातून सुटत नाही' एवढ्यावर ठरवत आलो. हा धागा वाचून झोप उडाली. मी काय मोजू?

आकडेमोड

बाबा, सगळ्यात आधी पहिले तीन सेकंद. स्टॅटकास्टवाले याला जंप म्हणतात. पिचरच्या हातून चेंडू सुटल्यापासून पहिल्या दीड सेकंदात कुठल्याही दिशेला किती फूट गेला (रिॲक्शन), पुढच्या दीड सेकंदात किती (बर्स्ट), आणि वाट सरळ होती की वळसा घालून (रूट). मोठ्या लीगमध्ये सरासरी धावण्याचा वेग सेकंदाला २७ फूट आहे. अर्धा सेकंद उशीर झाला की तेरा-चौदा फूट गेले. ते पायांनी भरून निघत नाहीत.

यामुळेच सूर मारून घेतलेल्या झेलाबद्दल मला दर वेळी शंका येते. कधी तो खरोखर अचाट असतो. कधी पहिलं पाऊल चुकीचं पडलेलं असतं आणि सूर त्याची भरपाई असते. टीव्हीवर हे कळायचं नाही, कारण कॅमेरा पिचरच्या पाठीमागे असतो आणि आउटफिल्डर चौकटीत येतो तेव्हा ते तीन सेकंद संपलेले असतात.

मृ

यासाठीच मैदानात जावं. बॅटचा आवाज आला की चेंडूकडे न बघता सेंटर फिल्डरकडे बघायचं. फार अवघड जातं, मान आपोआप वर वळते. पण एका सामन्यात दहा वेळा जमलं तरी कळतं कोण आवाजावर निघतो आणि कोण चेंडू वर गेल्यावर.

बाबा, एक विनंती. मुलींची यादी त्यांना दाखवू नका. या वयात आकडा मुलीला चिकटतो.

सॉफ्टबॉलचा_बाबा

मृ, यादी माझ्याच वहीत राहील, शब्द देतो.

दोन शनिवार झाले, सांगायला आलोय. प्रत्येक उंच चेंडूला तीन गोष्टी लिहिल्या: मुलगी कुठे उभी होती, पहिलं पाऊल पुढे की मागे, आणि पोचली की नाही. पकडला की सुटला हे मुद्दाम शेवटी. दोन सामन्यांत आउटफिल्डकडे हवेतून आलेले चेंडू एकूण ११. पाच मुलींत ११! एकीकडे तर एकच आला. मृ म्हणतात ते तीन वर्षांचं गणित आता माझ्या हाडात शिरलं. यावरून कोण चांगली हे मी ठरवूच शकत नाही.

पण एक गोष्ट ११ पैकी ७ वेळा दिसली, पाचही जणींत. चेंडू डोक्यावरून जाणारा असो की समोर पडणारा, पहिलं पाऊल पुढेच. म्हणजे मुलींमध्ये फरक शोधत बसलो होतो आणि चूक सगळ्यांची एकच निघाली, बहुधा माझ्याच शिकवण्याची. मी त्यांना सारखं 'चेंडूवर या, चेंडूवर या' ओरडत असतो.

आकडेमोड

बाबा, हे फार मोलाचं निरीक्षण आहे. पहिलं पाऊल मागे, उजवा किंवा डावा पाय उघडून, मग निर्णय. समोरच्या चेंडूला थोडा उशीर होईल, पण तो फार तर सिंगल. चेंडू हाताने फेकून सराव घ्या, बॅट नको, म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येकीला तीस चेंडू मिळतील. सामन्यात तेवढे अख्ख्या मोसमात येणार नाहीत.

डब्बा_ऐसपैस

आणि त्यातले दहा चेंडू दोघींच्या मधोमध टाका. कोण हाक मारते ते लिहा. आउटफिल्डमध्ये तीन जणी असल्या तरी शेवटचा शब्द सेंटरचा, हे आधी ठरवून द्या.

सॉफ्टबॉलचा_बाबा

टाकतो. गुरुवारी सराव आहे, पाऊस नसला तर रात्री लिहितो.